पऱ्हाटीला धनी कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



नागपूरहून दक्षिणेकडे निघालं आणि बुटीबोरी मागे पडली की तास-सव्वा तासात जामचा चौक येतो. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव. सरळ गेलं की हिंगणघाट, पांढरकवडा आणि पुढे हैदराबाद. डावीकडे वळलं की वरोरा, चंद्रपूर. उजवीकडे वर्धा आणि सेवाग्राम. आपल्यापैकी अनेकांनी या चौकात बस बदलली असेल, एखादा चहाही घेतला असेल. दिवाळीनंतर इथून जाल तर रस्त्याकडेच्या बाभळींवर पांढरे पुंजके अडकलेले दिसतील. ओझ्याने फुगलेल्या कापसाच्या गाड्या हिंगणघाटच्या दिशेने जातात, त्यांची ती खूण.

त्याच चौकाच्या आसपास ट्रकदुरुस्तीची दुकानं आहेत. तिथला मिस्त्री इंजिनातून हात बाहेर काढतो आणि सुताच्या एका गुंत्याला पुसतो. त्या गुंत्याला गॅरेजात ‘कॉटन वेस्ट’ म्हणतात. मला तो गुंता पाहिला की बरं वाटतं, कारण माझं अर्धं आयुष्य सूतगिरणीत गेलं आणि हा गुंता कुठून येतो ते मला ठाऊक आहे. कांडीवर तुटलेलं, गुंतलेलं, विणायला निकामी झालेलं सूत म्हणजे तो. बाभळीवरचा कापूस काही तासांनी जिनिंगमध्ये जायचा असतो, आणि त्यातलाच एक धागा काही महिन्यांनी काळा होऊन याच चौकात परत येतो.

अलीकडे ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द वारंवार कानावर येतो. वस्तू बनवा, वापरा आणि फेका, या सरळ रेषेऐवजी एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी यावं, तिसऱ्याचं पुन्हा पहिल्याकडे यावं, असा त्याचा साधा अर्थ. कल्पना कोणालाच नापसंत नसते. परिषदांत टाळ्या मिळतात, कंपन्यांच्या वार्षिक अहवालात हिरव्या रंगाचं एक पान असतं. मग प्रत्यक्षात काही ठिकाणी हे चक्र आपोआप फिरतं आणि काही ठिकाणी सगळं हाताशी असूनही हलत नाही, असं का? आज मला त्याविषयी बोलायचं आहे. उदाहरणं कापसाचीच घेतो, कारण दुसरं मला फारसं कळत नाही.

शंभर किलो कापूस जिनिंगमध्ये घातला की साधारण चौतीस-पस्तीस किलो रुई निघते. उरलेल्यातला बहुतेक भाग म्हणजे सरकी, साठ किलोंच्या वर. आपण कापसाला पांढरं सोनं म्हणतो खरं, पण वजनाने पाहिलं तर शेतकरी बंडीत भरून आणतो ती मुख्यतः सरकी. आता गंमत पाहा. या सरकीसाठी कोणी मोहीम काढली नाही, घोषवाक्य लिहिलं नाही. तरी विदर्भात सरकीचा दाणा फुकट जात नाही. तिचं तेल निघतं, ढेप होते, ढेप गाई-म्हशींपुढे जाते आणि शेणखत होऊन पुन्हा कापसाच्याच वावरात येते. हे चक्र आपल्या आजोबांच्याही आधीपासून फिरतं आहे.

त्याचं कारण जिनिंगवाल्याच्या हिशेबात आहे. बाजार समितीत तो कापसाला भाव बोलतो तेव्हा मनात दोन आकडे धरून बोलतो, रुईचा आणि सरकीचा. सरकी तेजीत असेल तर कापसाला चार पैसे जास्त देतो, मंदीत असेल तर हात आखडतो. सरकी विकली नाही तर त्याचा धंदाच बुडेल. म्हणजे तिची किंमत पहिल्या दिवशी, खरेदीच्या क्षणीच पकडलेली असते. ती कुणाच्या सद्भावनेवर सोडलेली नाही.

आता याच्या उलट एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच गिरणीतली आहे आणि तीत दोष माझाही आहे.

सूत काततांना प्रत्येक खात्यात काहीतरी उरतं. ब्लोरूममध्ये कचरामिश्रित रुई पडते, कार्डिंगमध्ये पट्ट्या निघतात, कोंबरमध्ये आखूड तंतू वेगळे होतात. त्यांना नॉइल म्हणतात आणि त्यांचं प्रमाण बारा-पंधरा टक्के, कधी त्याहून जास्त असतं. रिंगफ्रेमवर तुटलेली मऊ रुई पंख्याने ओढून घेतली जाते. ती परत मिश्रणात घालता येते, पण बेतानेच, नाहीतर सूत बिघडतं. आणि शेवटी तो मिस्त्रीच्या हातातला गुंता. या प्रत्येकाचं गिऱ्हाईक वेगळं. नॉइलपासून जाडं सूत होतं, दवाखान्यातला कापूस होतो. आपल्या खिशातली नोट साध्या लाकडी लगद्याच्या कागदाची नसते, ती कापसाच्या कागदाची असते. त्या कागदालाही असे आखूड तंतू चालतात. म्हणजे ‘वेस्ट’ हा शब्दच चुकीचा. पण गिरणीत तोच रूढ आहे, आणि शब्दाचा परिणाम माणसाच्या वागण्यावर होतो.

आमच्याकडे हे सगळं एका गोदामात जायचं. खाती वेगळी होती, पोती वेगळी होती, पण पाळी संपायच्या घाईत नॉइलच्या पोत्यात झाडलोट जायची, पट्ट्यांत सुताचे गुंते जायचे. झाडलोटीचा ठेका पोत्यांच्या संख्येवर होता. पोतं भरलं की झालं, आत काय आहे ते कोण पाहतो? व्यापारी महिन्यातून एकदा यायचा, पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर बाहेर काढायचा आणि सगळ्या ढिगाला त्यातल्या सर्वात वाईट मालाचा भाव द्यायचा. त्याचं काही चुकत नव्हतं. मी तेव्हा स्पिनिंग मास्टर होतो. माझा बोनस सुताच्या उत्पादनावर ठरायचा. गोदामाकडे मी महिन्यातून एकदा, तेही लांबूनच पाहायचो.

मग आमच्या हिशेब खात्यात एक नवा कारकून आला. तो बोलायला भित्रा, पण आकड्यांचा पक्का होता. त्याने फक्त एक केलं. तोवर या मालाची विक्री खतावणीत ‘किरकोळ उत्पन्न’ या नावाखाली जमा व्हायची. त्याने प्रत्येक खात्याचा माल वेगळा तोलून घेतला आणि त्याचे पैसे त्या-त्या खात्याच्या नावावर जमा दाखवायला सुरुवात केली. महिनाअखेरीला कोंबर खात्याच्या जॉबरला कळलं की त्याच्या नॉइलमध्ये कार्डिंगवाल्यांची झाडलोट मिसळल्यामुळे ‘त्याचे’ पैसे बुडाले. दुसऱ्या दिवशी दोन खात्यांत चक्क भांडण झालं! मी इतकी वर्षं सूचनाफलकावर ‘माल वेगळा ठेवा’ लिहीत होतो, त्याने जे झालं नाही ते या भांडणाने झालं. पोत्यांना वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या आल्या. वर्षभरात व्यापारी प्रत्येक मालाला वेगळा भाव देऊ लागला.

गोष्ट इथेच संपली असती तर छान झालं असतं. पण तीन वर्षांनी व्यवस्थापन बदललं. नव्या साहेबांना कागदपत्रं कमी हवी होती. त्यांनी सगळा माल वर्षभराच्या एकाच ठेक्याने एकाच व्यापाऱ्याला, एकाच सरासरी दराने देऊन टाकला. दोन महिन्यांत रंगीत दोऱ्या दिसेनाशा झाल्या. कोणी मुद्दाम काही मोडलं नव्हतं. वेगळं ठेवण्यातलं कारणच निघून गेलं होतं.

कारखान्याचं धोरण भिंतीवरच्या फलकात शोधू नये, असं मी तेव्हापासून म्हणतो. त्याची खतावणी मागून घ्यावी. उरलेल्या मालाला तिथे स्वतःची ओळ आहे का, आणि त्या ओळीचा जाब कोणाला विचारला जातो, एवढं पाहावं.

आणखी एक अडचण मागून येते. ती गिरणीत दिसते, पण तयार होते वावरात. वेचणी करणाऱ्या बाया कापूस भरतात तो बहुधा खताच्या किंवा सिमेंटच्या प्लॅस्टिकच्या पोत्यांत, कारण तीच पोती घरात असतात. पोत्याचा एखादा तंतू सुटतो, कापसात मिसळतो, जिनिंगमध्ये त्याचे तुकडे होतात आणि तो थेट कापडापर्यंत जातो. तिथे त्याच्यावर रंग चढत नाही. असा तंतू असलेलं नॉइल दवाखान्याच्या कापसालाही चालत नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००० मध्ये कापसासाठी तंत्रज्ञान अभियान सुरू केलं. त्यातून अनेक जिनिंगमध्ये फरशीबंद आवारं आली, यंत्रं सुधारली, आणि त्याचा उपयोग निश्चित झाला. पण वेचणाऱ्या बाईच्या हातात सुती झोळी कोणी द्यायची? तिला मजुरी किलोवर मिळते. स्वच्छ वेचलं म्हणून तिला जास्तीचं काही मिळत नाही. जो त्रास घेतो त्याच्या पदरात काही पडत नाही आणि ज्याच्या पदरात पडतं तो दोनशे किलोमीटरवर बसलेला असतो. असं असलं की चक्र अडतं.

सुधारलेलं तंत्र आलं म्हणजे काम झालं, असंही नाही. सरकीचंच घ्या. शास्त्रीय पद्धत अशी की आधी सरकीवरचे बारीक तंतू काढायचे, मग टरफल वेगळं करायचं आणि आतल्या गराचं तेल काढायचं. तेल जास्त मिळतं, तंतू कागदाला आणि रसायन उद्योगाला जातात, ढेपेत प्रथिनं वाढतात. तंत्र जुनं आहे, सिद्ध आहे. तरी आपल्याकडे बहुतेक सरकी आजही तशीच, टरफलासकट घाण्यात जाते. कारण गोपालकाला तीच ढेप आवडते. तिच्यात तेलाचा अंश राहतो आणि त्याने दुधाला फॅट लागते, असा त्याचा अनुभव आहे. कोरडी, प्रथिनयुक्त ढेप त्याच्यापुढे ठेवली तर तो बोटांनी चुरून पाहतो आणि नको म्हणतो. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. डेअरीत त्याला पैसे फॅटवर मिळतात, मग तो प्रथिनांचं कौतुक का करील?

आता पऱ्हाटीकडे येतो. माझ्या मनाला लागलेला प्रश्न तोच आहे.

जानेवारी-फेब्रुवारीत शेवटची वेचणी झाली की वावरात पऱ्हाटी उभी राहते. हेक्टरी दोन-तीन टन तरी. देशाचा हिशेब केला तर दरवर्षी दोन कोटी टनांच्या वर जाते. गवत-काडीपेक्षा ही वेगळी आहे. तिच्या घडणीत ती लाकडाला जवळची आहे. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था १९२४ सालापासून कापसावर काम करते आहे. तिने पऱ्हाटीपासून फर्निचरसाठी लागणारे बोर्ड बनवून दाखवले. पऱ्हाटीपासून कांडी कोळसा होतो, गोळ्या होतात, अळंबी पिकवता येतात, चांगलं कंपोस्ट होतं. २०२१ साली केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत साधारण पाच टक्के शेतकचऱ्याच्या गोळ्या जाळण्याचं धोरण घालून दिलं. आणि जामहून चंद्रपूरचं वीज केंद्र काही फार दूर नाही. म्हणजे माल आहे, तंत्र आहे, गिऱ्हाईक आहे, सरकारी आदेशही आहे. तरी मार्चमध्ये संध्याकाळी या रस्त्याने जा, दोन्ही बाजूंना धूर दिसेल.

का? पहिलं कारण ट्रकचं आहे. पऱ्हाटी फांद्याफांद्यांची असते. ट्रक शिगोशीग भरला तरी आत वजन थोडं आणि हवाच जास्त. भाडं मात्र पूर्ण ट्रकचं. तिचे तुकडे वावरातच केले तर हिशेब जमतो. तुकडे करणारी यंत्रं ट्रॅक्टरवर चालतात. पण यंत्राला काम वर्षातले दोन-अडीच महिने, आणि कारखान्याला माल लागतो बाराही महिने. मग साठवण आली, पावसापासून आणि आगीपासून राखण आली. शेतकऱ्याला तर वावर लवकर मोकळं हवं असतं, नांगरट करायची असते. काडीपेटी अगदी स्वस्तात मिळते. उपटणाऱ्या मजुराला दिवसाचे शेकडो रुपये द्यावे लागतात.

दुसरं कारण किडीचं. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला तो आपण विसरलेलो नाही. धुऱ्यावर रचलेल्या पऱ्हाटीत आणि तिच्या किडक्या बोंडांत ही अळी दडून राहते. म्हणून कृषी विद्यापीठं सांगतात की पऱ्हाटी वेळेत काढा, रचून ठेवू नका. आता कारखान्यासाठी गावोगाव पऱ्हाटीचे ढीग उभे करायचे तर पुढच्या हंगामाला अळीची सोय आपणच करून द्यायची का? तुकडे लगेच केले तर धोका कमी होतो, पण ‘लगेच’ या शब्दाला यंत्रं पुरेशी लागतात. चक्र फिरवायचं म्हटलं की चांगल्याबरोबर वाईटही फिरतं, हे कार्यशाळेतल्या चित्रांत दाखवत नाहीत.

तिसरं कारण मला एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं. नोकरी संपल्यावर मी काही दिवस जामच्या आसपासच्या गावांत पऱ्हाटी गोळा करण्याच्या एका प्रयत्नात हिंडत होतो. शेतकऱ्यांना टनाला किती मिळतील ते सांगत होतो. ती बाई भूमिहीन. डोक्यावर भारा घेऊन चालली होती. थांबली आणि म्हणाली, “भाऊ, तुम्ही हे इकत घेसान, त मंग आमी चुलीत काय घालाचं?” माझ्या कागदावर पऱ्हाटी ‘वाया जाणारी’ होती. तिच्या घरी तीच सहा महिन्यांचं जळण होती. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसची जोडणी पुष्कळ घरांत आली हे खरं. तिच्याही घरी सिलिंडर होतं, कोपऱ्यात, पाहुण्यांच्या चहापुरतं. तोवर कोणाचीच नसलेली वस्तू भाव येताच वावरमालकाची होते, आणि फुकट नेणारी बाई चोर ठरते. आम्ही मग एवढं ठरवलं की धुऱ्यालगतच्या ओळी गावातल्या बायांसाठी सोडायच्या आणि यंत्रावरच्या कामाला आधी त्याच घरांतली माणसं घ्यायची. काही शेतकऱ्यांनी मानलं, काहींनी नाही.

दोन मोठ्या संस्थांनी मनावर घेतलं तर काय होतं, याचंही उदाहरण याच रस्त्याच्या उत्तर टोकाला आहे. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून वाहून जायचं आणि कोराडी, खापरखेड्याची वीज केंद्रं पेंचचं चांगलं पाणी थंड करण्यासाठी वापरायची. महानगरपालिका आणि महानिर्मिती यांच्यात करार झाला. भांडेवाडीला दिवसाला तेरा कोटी लिटर क्षमतेची शुद्धीकरणाची व्यवस्था उभी राहिली आणि शहराने वापरलेलं पाणी वीज केंद्राकडे जाऊ लागलं. इथे नवं यंत्र असं काहीच नव्हतं. सांडपाणी कसं स्वच्छ करायचं हे जगाला शंभर वर्षं ठाऊक आहे. खर्च कोण करणार, पाणी किती वर्षं घेणार, कमी पडलं तर काय, हे कागदावर आलं म्हणून बँका, कंत्राटदार, अभियंते सगळे पुढे सरकले. पऱ्हाटीच्या बाबतीत नेमका हाच कागद नसतो. कारखाना म्हणतो, माल येईल याची खात्री द्या. गोळा करणारा म्हणतो, घ्याल याची खात्री द्या. यंत्राला कर्ज देणारा दोघांकडे पाहत बसतो.

जामच्या चौकातल्या टायरच्या दुकानात जरा वेळ बसलात तर आणखी एक गोष्ट कळेल. टायर घासला की रिमोल्ड करतात, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवतात. पण दुकानदार आधी सांगाडा ठोकून पाहतो. ज्या मालकाने गाडीवर मापाबाहेर ओझं लादलेलं असतं त्याचा टायर तो परत देतो, याला काही होणार नाही म्हणतो. २०२२ साली जुन्या टायरांची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आणि आयात करणाऱ्यांवर टाकणारे नियम आले. ते हवेच होते. पण टायरचं दुसरं आयुष्य बहुतेक वेळा पहिल्या आयुष्यातच ठरलेलं असतं, आणि तिथे ओझं किती भरायचं हे ठरवणारा माणूस टायर कंपनीत नसतो, वाहतूक कचेरीत असतो.

चौकातून उजवीकडच्या रस्त्याने वर्ध्याला गेलात तर मगनवाडी लागेल. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारत ग्रामोद्योग संघ काढला. जे. सी. कुमारप्पा तिथून तो चालवत. हातकागद, घाणी, खत, असे प्रयोग तिथे चालत. निसर्गात काही वाया जात नाही, प्रत्येक वस्तू फिरून परत येते आणि माणूस हे फिरणं तोडतो तेव्हा हिंसा होते, अशा अर्थाची मांडणी कुमारप्पांनी तुरुंगात बसून लिहिलेल्या पुस्तकात केली. ते १९४५ साली निघालं, तेव्हा चक्रीय अर्थव्यवस्था हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. कुमारप्पा लंडनमध्ये शिकलेले हिशेबतपासनीस होते, ही गोष्ट मला त्यांच्या विचारांइतकीच महत्त्वाची वाटते. आपण त्यांना संतांच्या ओळीत बसवतो आणि त्यांची वही बाजूला ठेवतो. आमच्या कारकुनाला ते नक्की भेटायला हवे होते.

मागच्या फेब्रुवारीत मी पुन्हा त्या गावांत गेलो होतो. पऱ्हाटीचे तुकडे करणारं यंत्र एका शेतकऱ्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभं होतं. ते बिघडलं नव्हतं. एका कारखान्याने एक हंगाम माल घेतला, पुढच्या हंगामात कोळसा स्वस्त पडला म्हणून घेतला नाही. करार एकाच वर्षाचा होता. शेतकऱ्याने मला ताडपत्री उचलून दाखवली, पात्यांना तेल लावून ठेवलं होतं. म्हणाला, तीन वर्षांचा कागद कोणी दिला तर उद्या सुरू करतो. धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या वावरात पऱ्हाटी जळत होती आणि ती म्हातारी बाई आगीच्या कडेने, अजून न पेटलेली झाडं उपटून भारा बांधत होती.